हाडं माही, कातडी तुमची

माहं माहेर कुही तालुक्यातलं, चारही बाजूनं धानाच्या बांध्या. बाप दुसऱ्याच्या बांधीत रोवणीले जाये, चिखलानं पायाची बोटं सडून जात त्याची, तरी मी सहा वर्षांची झाली तशी नवा फ्रॉक घालून मले शाळेत घेऊन गेला. आमच्या आजाले, म्हणजे बापाच्या बापाले, शाळेत वरांड्याच्या खाली बसवत होते, वर चढू देत नव्हते. मंग त्यानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली अन् घरात एकच सांगणं राहिलं, काही विका पण शिका. म्हणून बापाले शाळा म्हणजे काय वाटे, ते काय सांगू तुम्हाले. त्यानं गुरुजीपुढं हात जोडले अन् म्हणला, गुरुजी, हाडं माही, कातडी तुमची. म्हणजे हाडं मोडू नका, बाकी सोलून काढा, पण शिकवा. गुरुजी हसले. मीही हसली, मले वाटलं बाप माह्याबद्दल काही चांगलं बोलून राहिला.

कातडी गेली बरं माही. बेशरमाच्या झाडाच्या फोका, ओल्या छड्या, राहत गुरुजीजवळ, पाढा चुकला का पोटरीवर. घरी सांगाची सोय नव्हती, सांगितलं का बाप म्हणे, उगाच मारतीन का ते, अन् दोन त्याच्या हातच्या. तरी मले कोणी विचारलं असतं ना, तं मी म्हणली असती का मारलं म्हणून तं सही करता येते मले. लग्न होऊन नागपूरले आली, पोरगी झाली, तरी मी हेच म्हणत होती.

माहा नवरा मिहानमध्ये एका कंपनीत गार्ड आहे, बारा तासाची ड्युटी, घरी आला का झोपते. आमची खोली प्रताप नगरच्या मागं, किरायाची. मी शाळेच्या बसवर आहे, अकरा वर्षं झाली. दारात उभं राहाचं, लहान लेकराईले हात धरून चढवाचं, उतरवाचं, मुंडकी मोजाची. सगळे मले मावशी म्हणतात, मोठे पोट्टे शीला मावशी म्हणतात. ती शाळा मोठ्या लोकाईची आहे, माही प्रणाली तिथं नव्हती, ती आमच्या गल्लीजवळच्या मराठी शाळेत.

सातवीत तिले गणित जमेना म्हणून शिकवणी लावली. पहिल्या दिवशी मी सोबत गेली. सर खुर्चीवर बसले होते, पोरं खाली सतरंजीवर. अन् मी काय म्हणली असंन? सर, हाडं माही, कातडी तुमची. बापाचंच बोलणं, माह्या तोंडातून कधी निघालं मलेच खबर नाही. सर म्हणले, असे पालक भेटत नाहीत आजकाल. मले बाप्पा, किती बरं वाटलं. घरी येताना प्रणालीनं विचारलं, आई, कातडी तुमची म्हणजे काय वं? मी म्हणली, म्हणजे अभ्यास कर.

दोन महिन्यांनी एक दिवस गाल लाल करून आली. मी कणीक मळून राहिली होती. म्हणे, आई, सरनं मारलं. म्हणलं, काहून? म्हणे, काही नाही केलं मी. म्हणलं, काही नाही केलं अन् मारलं? अन् तशाच हातानं दिली एक ठेवून. पिठाची बोटं उमटली तिच्या गालावर. ती पुसतही नव्हती, नुसती माह्याकडं पाहून राहिली. त्यानंतर तिनं कधीच काही सांगितलं नाही. मले वाटलं, सुधरली.

नववीत गेली तसं मी पाहू लागली का हिले आवाज दिला तं ही वळत नाही. प्रणाली, भांडे घे. नाही. प्रणाली वं. नाही. मले वाटलं, मोठी झाली, मिजास आली, आईले जवाब देत नाही. मंग हातात असंन ते, लाटणं असो का चप्पल. एक दिवस तिच्या उशीले वास आला. खोळीवर पिवळा डाग. तिच्या वर्गाच्या बाईनंही चिठ्ठी धाडली, मुलीचा कान दाखवून घ्या. सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टर म्हणले, डाव्या कानाचा पडदा फाटला आहे, जुनं आहे, आतून सडत गेलं, ह्या कानानं आता जवळपास काही ऐकू येत नसंन. मंग विचारलं, कोणी मारलं होतं का कानावर? प्रणालीनं माह्याकडं पाहिलं. म्हणे, पायरीवरून पडली होती. डॉक्टरनं मले विचारलं, पडली होती का? मी म्हणली, हो, पडली होती.

समोरून उजव्या हातानं मारलं तं डाव्या कानावर बसते. सरही उजवे, मीही उजवी. आता कोणाच्या हाताचं ते, कसं ठरवाचं?

दहावी झाली तशी म्हणे, मी कुहीले मोठ्या मावशीकडं राहीन. भांडली नाही, रडली नाही. तिथं कॉलेज जवळ आहे म्हणे. कुहीचे पोट्टे शिकाले नागपूरले येतात अन् माही नागपूरची पोरगी कुहीले गेली. शेजारच्या बाया विचारत, काहून वं धाडलं? मी म्हणे, तिकडची हवा चांगली आहे.

तं आता ह्या वर्षीची गोष्ट. नववीच्या पोराईले शाळेनं काम दिलं, पोरं मार काहून खातात अन् मार खाऊन काय होते, ह्यावर गटानं बोला अन् चार्ट करा. गट सगळा आमच्याच बसचा, मंग बसमध्येच सुरू. मिहिर म्हणून आहे, तोंडाळ पोट्टा, तो म्हणे, लिही बे, कारण नंबर एक, पप्पाचा बॉस. बॉस पप्पाला झापते, पप्पा मला झापते, मी कुत्र्याला. सगळे हसले. स्वरा लिहून राहिली होती, ती म्हणे, कुत्र्याला का मारतो रे? तो म्हणे, कुत्रा बॉसला चावत नाही ना यार. मंग एक म्हणे, मार खाल्ला म्हणूनच आपण लाइनवर आहोत. मिहिर म्हणे, तू? लाइनवर? तुझी मागच्या आठवड्यात तक्रारींनी डायरी भरली बे. अशी मस्करी. त्याईच्यात गार्गी म्हणून पोरगी आहे, खिडकीजवळ बसते, बोलत नाही जास्त. ती म्हणे, त्यांनाही लहानपणी कोणी विचारलं नसेल, म्हणून मारतात. स्वरा म्हणे, आणि परिणाम? गार्गी म्हणे, मार तेवढा दुखत नाही. नंतर आई ताट वाढते आणि विचारते, अजून पोळी घेतेस का, जसं काही झालंच नाही. तेव्हा दुखतं. आणि मग आपण त्यांना काही सांगणं बंद करतो.

मी दारात दांडा धरून उभी. मोजलेलीच मुंडकी मी पुन्हा मोजाले लागली.

तेवढ्यात मिहिर म्हणे, शीला मावशी, मोठ्यांच्या साइडनं तुम्ही बोला, तुम्ही किती ठोकलं पोरीला? अन् मी म्हणली, मी? कधी बोट नाही लावलं बाप्पा. पोरं खूश. अकरा वर्षांत बसमध्ये मी कोणावर हात उचलला नाही, त्याईले खरंच वाटलं.

चार दिवसांनी स्वरा चार्ट गुंडाळून घेऊन आली. मावशी, तुमचं नाव टाकलं म्हणे. उलगडला. एकीकडं कारणं, एकीकडं परिणाम, अन् खाली हिरव्या स्केचपेननं मोठ्या अक्षरात, न मारताही मुलं घडतात, उदाहरण, आमच्या बसच्या शीला मावशी. माह्या नावाभोवती फुलं काढली होती.

मी म्हणली, खोडा हे. खोटं आहे. मंग सांगून टाकलं सगळं, कणीक, लाटणं, उशीचा वास, डॉक्टरजवळ मी काय बोलली ते. बस सिग्नलवर उभी होती. मिहिर बॅगेची चेन उघडे अन् लावे. गार्गीनं विचारलं, मावशी, तिला सांगितलं का, तिची चूक नव्हती म्हणून? म्हणलं, नाही. ती म्हणे, मग आम्हाला का सांगता? रागानं नाही म्हणली. तरी त्या दिवशी उतरताना तिनं बाय मावशी नाही म्हणलं. स्वरानं त्या ओळीवर पांढरा कागद चिकटवला, पण हिरवं खालून दिसे.

मागच्या महिन्यात प्रणाली दोन दिवस आली होती. ती बसते ना, तं डावा कान माह्याकडं करूनच बसते. आधी मले वाटे सहज बसत असंन. आम्ही मेथी निवडत होतो. मी मान खाली घालून म्हणली, सरकडं तुले मीच धाडलं, कातडी तुमची मीच म्हणली, डॉक्टरजवळ खोटं मी बोलली, तुही काहीच चूक नव्हती वं बाई. सगळं म्हणली, पण त्याच बाजूनं. उठून उजव्या बाजूले जाची हिंमत नाही झाली. ती मेथी निवडत राहिली. मंग म्हणे, आई, दूध पाह्य, उतू जाऊन राहिलं.

मंग बसमध्ये गार्गीनं विचारलं, सांगितलं? मी म्हणली, सांगितलं. ती म्हणे, गुड. अन् उतरताना बाय म्हणली.

आता प्रणाली रविवारी फोन करते. फोन ती उजव्या कानाले लावते, म्हणजे तिकडून तिले सगळं ऐकू येते, मले माहीत आहे. पण मी एवढंच विचारते, जेवली का, अन् ती म्हणते, जेवली. राहो, आहे तिथं सुखात राहो माही लेक. कोणी हात उचलला तं सांगो कोणाले तरी, मावशीले सांगो, मैत्रिणीले सांगो. मले नाही सांगितलं तरी चालते.