मागच्या सीटमागचा सांधा

नाव व पत्ता स्वतंत्र कागदावर दिला आहे. वय ६३ वर्षे. शिक्षण अभियांत्रिकीची पदवी. व्यवसाय ग्लायडर बनवणाऱ्या कारखान्यात ड्रॉइंग विभागाची प्रमुख. तेथील मुख्य डिझायनर माझे पती आहेत.

कोणी बोलावलेले नसताना पोलीस ठाण्यात हजर होऊन सांगते की, काल सकाळी नऊ चाळीसला मैदानावर कोसळलेले दोन सीटचे प्रशिक्षण ग्लायडर आमच्या आराखड्याचे आहे. मागच्या सीटवरचे प्रशिक्षक जागीच गेले. पुढची विद्यार्थिनी अजून शुद्धीवर नाही. पंख जोडणारे मेकॅनिक, ज्यांना सगळे आप्पा म्हणतात, यांना आपण निष्काळजीपणाबद्दल अटक केली आहे.

शेड लहान असल्याने या ग्लायडरचे पंख रोज संध्याकाळी काढतात आणि सकाळी जोडतात. त्या वेळी पंखाच्या मागच्या कडेची, ग्लायडर डावी-उजवीकडे कलवणारी पट्टी हलवणारी दांडी आतून हाताने जोडावी लागते. दांडीच्या टोकाची वाटी एका गोळीवर बसवायची आणि खटका लावायचा. खटका अर्धवट लागला तरी वाटी बसून राहते. जमिनीवर वैमानिकाच्या हातातली स्टिक हलवून पाहिली तर पट्टी व्यवस्थित हलते. हवेत ताण आला की वाटी सुटते. काल ती सुटलेली मी अवशेषांत स्वतः पाहिली.

पहिल्या आराखड्यात हा सांधा समोर दिसत असे. प्रशिक्षकाचे गुडघे पुढच्या सीटला लागतात म्हणून मागची सीट अकरा सेंटिमीटर मागे नेली. सांधा पाठीच्या फळीमागे गेला. तेथे फक्त हात पोहोचतो. पहिल्याच नमुन्यावर आप्पा मला म्हणाले, "बाई, आंधळी कोशिंबीर आहे ही. लागल्यासारखं वाटतं, पण लागलंय का ते देवाला ठाऊक."

म्हणून मी नकाशावर बाहेरच्या कवचात तळहाताएवढी पारदर्शक खिडकी आखली. खटका पूर्ण लागला तरच आतली हिरवी खूण दिसेल, अशी.

बैठकीत पती म्हणाले, "अगं, ग्लायडर आहे, टपालपेटी नव्हे."

मी म्हटले, "अहो, सांधा दिसायला नको का?"

"आप्पा तीस वर्षं पंख जोडतोय. त्याच्या बोटांना डोळे आहेत."

कोणीतरी म्हणाले, "बाईंना उद्या खिडकीला पडदाही लागेल." सगळे हसले. मीही हसले.

खिडकीमुळे कवच कमजोर होत नव्हते. ते गणित मी करून नेले होते. कोणी मागितले नाही. खिडकी वगळलेल्या नकाशावर 'तपासले' या रकान्यात सही माझी आहे. त्या सहीशिवाय नकाशा कामाला जात नाही.

काल दुपारी घरी पती म्हणाले, "आप्पाचं वय झालंय, चूक त्याचीच. तू यात तोंड घालू नकोस." नंतर ते जेवले.

आज खिडकीचा आणि बिनखिडकीचा असे दोन्ही नकाशे घेऊन मी आले. पती बाहेर बाकावर बसले आहेत. त्यांना मी सोबत आणलेले नाही.

आप्पांकडून खटका अर्धवट लागला असेल. तो पूर्ण लागला का, हे पाहण्याची सोय आम्ही काढून टाकली होती. हे आप्पांच्या प्रकरणाच्या कागदपत्रांत यावे.

जबाब मला वाचून दाखवला. त्यात नकाशावरच्या माझ्या सहीबद्दल "नाइलाजाने सही केली" असे लिहिले गेले होते. नाइलाज नव्हता. तो शब्द खोडून बाजूला सही केली आहे. बाकी सर्व मी सांगितले तसेच आहे.