दाराची फट

रॉस्को : बंद कर ते सिनेमाचं यंत्र! दिवे लाव, आणि तू बाहेर हो. ...गेला का तो यंत्रवाला?

लिओना : गेला. शेवटचं रीळ राहिलंय अजून.

रॉस्को : खड्ड्यात गेलं रीळ! नाव बदललं म्हणजे झालं? शेंबडं पोरसुद्धा सांगेल, पडद्यावरचा हा म्हातारा म्हणजे रॉस्को व्हिटकोंब. सगळ्या अमेरिकेत धिंड काढतायत माझी.

लिओना : तुमच्या पेपरांनी थोड्या काढल्या का लोकांच्या?

रॉस्को : त्याचं काही नाही गं. गव्हर्नर खिशात घातला म्हणा, माणसं देशोधडीला लावली म्हणा. खरंच आहे ते. पण तो झोपताना बायकोला काय म्हणतो, ऐकलंस?

लिओना : ‘दाराला फट ठेव.’

रॉस्को : थिएटर खदाखदा हसेल! ज्याच्यापुढे सिनेटर चळाचळा कापतात, तो अंधाराला भितो! त्या अ‍ॅक्सेलनं विकलं हे. जन्मभर या घरात चाकरी करून, माझं मीठ खाऊन. सकाळीच हाकललाय त्याला.

लिओना : अ‍ॅक्सेलला? या वयात?

रॉस्को : आता लॉस एंजेलिसमध्ये कोणी दारात उभं करणार नाही.

लिओना : अहो, दिवा मालवल्यावर अ‍ॅक्सेल कधी होता त्या खोलीत?

रॉस्को : ...लिओना.

लिओना : मी सांगितलं. तो सिनेमा लिहिणारा पोरगा नाताळच्या जेवणाला आला होता. म्हणाला, ‘बाई, तुम्ही कशा आहात?’ या घरात कोणी विचारलंच नव्हतं हो. मग मला थांबताच येईना.

रॉस्को : किती दिले त्यानं?

लिओना : हेच विचारणार तुम्ही.

रॉस्को : एकूण एक प्रत विकत घेतो आणि अंगणात होळी करतो.

लिओना : खुशाल करा. पण अ‍ॅक्सेलला परत बोलवा.

रॉस्को : मी दिलेला शब्द फिरवत नाही.

लिओना : पडद्यावरचा म्हातारा हेच म्हणतो.

रॉस्को : मग? त्याची बायको काय करते?

लिओना : शेवट मीच सांगितला होता त्या पोराला. मला करायचा धीर नव्हता, इतकंच.

(ती कोट उचलते.)

रॉस्को : कुठं निघालीस?

लिओना : आधी अ‍ॅक्सेलची माफी मागायला. मग फ्रेस्नोला, बहिणीकडे.

रॉस्को : माझी गाडी मिळणार नाही.

लिओना : बस असते.

रॉस्को : जा तर मग. दिवे घालव जाताना. माझं तोंड कोणी बघायला नको.

लिओना : घालवते. ...रॉस्को, फट ठेवू का तुला?

रॉस्को : नको. ओढून घे.