आजोबांच्या नावाचं तेल

मुलगी : आत बोलावण्याआधी पुन्हा एकदा सराव. समजा, मी डॉक्टर. आजोबा, दुखणं कसं आहे?

बाबा : आहे की. जोरात आहे.

मुलगी : असं म्हणालात तर तेल लागू पडत नाही म्हणून परवानाच काढून घेतील.

बाबा : बरं. मग अजिबात नाही म्हणतो.

मुलगी : मग थेंब कमी करतील.

बाबा : म्हणजे धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

मुलगी : हळू बोला ना. लोक बघताहेत.

बाबा : बघू दे. सगळे गांजाच्या तेलासाठीच बसलेत. गांजासाठी इतकी सभ्य माणसं मी जन्मात पाहिली नव्हती.

मुलगी : तुम्हाला थट्टा सुचते. हे बंद झालं तर माझ्या चिमणीच्या फिट्सचं मी काय करू? कायद्यात फक्त कॅन्सरचं दुखणं बसतं. फिट्स बसत नाहीत.

बाबा : म्हणून तर माझा कॅन्सर कामी आला.

मुलगी : असं बोलू नका हो. आणि कंबर का दाबताय सारखी?

बाबा : सवय.

मुलगी : घाम फुटलाय तुम्हाला. सकाळचे थेंब घेतलेत ना? आपलं ठरलंय, निम्मे तुमचे, निम्मे तिचे.

बाबा : निम्म्यात तिचं कुठे भागत होतं? तू कामावर गेलीस की माझेही तिलाच देतो.

मुलगी : कधीपासून?

बाबा : तुला वाटलं ना, तिला गुण यायला लागला? तेव्हापासून.

मुलगी : म्हणून दार लावून झोपायला लागलात.

बाबा : कण्हलेलं बाहेर ऐकू जातं गं.

मुलगी : मला काहीच कळलं नाही. उठा, घरी चला. नाहीतर मी आत जाऊन सगळं खरं सांगते.

बाबा : सांग. माझंही जाईल, तिचंही जाईल, वर तू पोलिसांच्या दारात. बस खाली. लेकीचा जीव जाताना बघवेल तुला? मला तर नातीचा नाही बघवत.

मुलगी : आणि मला तुमचा बघवतो?

सिस्टर : (दारातून) आजोबा, चला, तुमचा नंबर. व्हीलचेअर आणू?

बाबा : नको. चालतो मी.

सिस्टर : अरे वा. ताई, डॉक्टर घरच्यांनाही विचारतात. तेलाचा गुण आहे ना?

मुलगी : आहे. घरात खूप फरक पडलाय.