थॉमससाहेबांना घेऊन उतरलेलं विमान

नमस्कार.

सुट्टीचा शुक्रवार सोडून तुम्ही सगळे आलात. काही जण तर सकाळीच अबुधाबीहून निघालात. शैला, नेहा, तुमच्यासमोर उभं राहून बोलणं मला कठीण जातंय. कुणी कौतुक सुरू केलं की जो माणूस पाणी आणायच्या निमित्ताने आत निघून जायचा, त्याच्याच शोकसभेत त्याच्याविषयी बोलायचं आहे. म्हणून सावकाश बोलते.

कमांडर गुप्ते आमचे शारजातले शेजारी. समोरचं दार. हमरियाच्या बंदरात जहाजांच्या सुरक्षेचं काम पाहायचे. त्याआधी नौदलात वैमानिक होते. आपल्या मंडळात प्रजासत्ताक दिनाला त्यांची ओळख करून देताना कुणी ना कुणी 'वायुदलातले' म्हणायचंच. विमान म्हटलं की वायुदल, असंच आपल्याला वाटतं. ते शांतपणे सांगायचे, "अहो, वायुदलाची धावपट्टी जागेवर असते. आमची चालत असते."

परवा नेहाने मला विचारलं, "मावशी, व्हाय डिड ही नेव्हर टेल मी?" घरातलं वीरचक्र तिने लहानपणापासून पाहिलेलं. ते कशाचं, हे ठाऊक नव्हतं. नेहा, आज सांगते. मी ते ऐकलं इथे पुढे बसलेल्या थॉमससाहेबांकडून. तुमच्याच घरी, शुक्रवारी जेवताना. तुझे बाबा मध्येमध्ये "खलास, थॉमस, मछली ठंडी हो रही है" म्हणत होते.

एकाहत्तरचं युद्ध. पाणबुड्यांवर पाणतीर, म्हणजे टॉर्पेडो, सोडणारं विमान. पुढे गुप्ते, मागे थॉमससाहेब. खालून तोफांचा मारा झाला. थॉमससाहेबांचा पाय जायबंदी झाला, आणि विमानाच्या पोटातला पाणतीर अडकून बसला. काही केल्या सुटेना. धक्क्याने पाणतीर फुटू शकतो, म्हणून असं विमान विमानवाहू जहाजावर उतरवायचं नसतं. जहाजाजवळ समुद्रात उतरायचं, बाहेर पडायचं, होडी येऊन उचलते. पण त्या पायाने थॉमससाहेब बुडत्या विमानातून बाहेर कसे पडणार?

थॉमससाहेब म्हणाले, माझा विचार करू नकोस, तू वाच. गुप्ते म्हणाले, "चुप बैठ, थॉमस. मुझे उतरने दे."

मग त्यांनी जहाजाच्या कप्तानाला विचारलं. विचारलं, हे लक्षात घ्या. जहाजावर शेकडो माणसं होती. कप्तान म्हणाले, ये.

जहाजावर उतरताना चाकं टेकली की इंजिनाचा जोर कमी करायचा नसतो, पूर्ण वाढवायचा असतो. शेपटीखालचा हुक डेकवरच्या तारेत अडकला नाही, तर लगेच पुन्हा उडता आलं पाहिजे. पोटात पाणतीर, मागे जखमी मित्र, आणि हाताने इंजिनाचा दांडा पुढे रेटायचा. त्यांनी रेटला. हुकाने तार पकडली.

थॉमससाहेबांचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. जीव राहिला.

मी एकदा गुप्त्यांना विचारलं होतं, भीती नाही वाटली? म्हणाले, "वाटली ना. पण त्या कप्तानाला जास्त वाटली असेल. मी एका माणसासाठी मागितलं. त्यांनी सगळं जहाज पणाला लावून दिलं. चक्र मात्र मला मिळालं."

नेहा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर बहुधा एवढंच आहे. ही गोष्ट आपल्या एकट्याची आहे, असं त्यांना कधी वाटलंच नाही.

मला ते आठवत राहतील संध्याकाळी समुद्रकाठच्या कॉर्निशवर, शैलाच्या चपला हातात घेऊन तिच्या मागून वाळूतून येणारे.

आता दोन मिनिटं शांत उभं राहू या. थॉमससाहेबांना मराठी येत नाही. म्हणून मघाशीच मी त्यांना सांगून ठेवलं होतं, सगळे उठतील तेव्हा तुम्ही बसूनच राहा, कुणाला काही वाटणार नाही.

ते आधीच उभे राहिलेत.

चला, आपणही उठू या.