बेलारूसच्या पोरीला आईची कमेंट

अरे, आमच्या आईची गंमत सांगितली का? कोकणातून शारजाला आमच्याकडे आली होती. माझी लेक मोबाईलवर बेलारूसच्या एका तरुण स्विमरचे व्हिडिओ बघायची. लाखो फॉलोअर्स त्या पोरीला! एकदा आईनं लेकीच्याच मोबाईलवर बोलून कमेंट टाकली, “बाळा, आधी डोकं पूस, सर्दी होईल.”

लेक किंचाळली, “आज्जी, दॅट्स माय अकाउंट!”

थोड्या वेळानं त्या स्विमरचं हार्ट आलं. आई माझ्याकडे वळली, “बघ, तिनं ऐकलं. तुला विहिरीच्या काठावरून ओरडून माझा घसा बसायचा.”

आई आता नाही. परवा बिल्डिंगच्या पूलमधून बाहेर आलो, तर एरवी इंग्लिशच झाडणारी लेक ओरडली, “बाबा, आधी डोकं पूस!”