बांधावरचं पातं

आमचं गाव विमानतळाच्या पलीकडं. आता पुण्यातच धरत्यात, पण मी जन्मलो तवा पुण्याला जायचं म्हंजी फडक्यात भाकरी बांधून निघायचं. घरात आबा, म्हंजी माझं वडील, आई, थोरला भाऊ दादा आन धाकटा मी, किसन. आमच्या रानाला समदं गाव पात्याचं रान म्हणायचं, आन ते का म्हणायचं हे सांगितल्याबिगर माझं काहीच सांगता यायचं न्हाई.

माझ्या जन्माआधी, इंग्रजाच्या लढाईच्या येळला, एक विमान आमच्या जवारीत येऊन पडलं. विमानवाला वाचला, आबांनी त्याला पाणी पाजलं, मंग मिलिटरीवाले आले आन समदं सामान गाडीत घालून गेले. पण पंख्याचं एक पातं मातीत रुतून ऱ्हायलं. पुढच्या साली नांगर अडकला तवा ते घावलं. माणसाच्या उंचीचं, लोखंडाहून हलकं, टोकाला वाकल्यालं. आबांनी मिलिटरीच्या सायबाला जाऊन विचारलं, काय करू, तर सायब हसला म्हणं, ठेव तुला.

मी हाताशी आलो तवा आबांनी वाटणी केली. कागद न्हाई, काय न्हाई, आमच्यात तोंडाचीच वाटणी असायची. थोरल्याला घर, धाकट्याला विहीर, असं म्हणाले, आन दोघांच्या रानामधल्या बांधावर ते पातं गुडघाभर खड्डा काढून उभं केलं. म्हणाले, दगड कुणीबी सरकवतो, हे कुणी सरकवणार न्हाई. दर दसऱ्याला आई त्याला हळदकुंकू लावायची, आई गेल्यावर माझी बायको मंगल लावायला लागली. विहिरीला पाणी बक्कळ व्हतं, मी भाजी करायचो, बरं चाललं व्हतं आमचं.

मंग ते कंप्युटरचं वारं आलं. आमच्या शिवंपर्यंत काचेच्या बिल्डिंगी आल्या, बिल्डर लोक गाड्या लावून चिंचंखाली बसायला लागले. दादा त्यांच्यात ऊठबस करायचा. मला वाटायचं, करंना का, चार माणसांत मान हाय त्याला. दादावर माझा लई जीव. आबा गेल्यावर त्यानंच मला बापाची उणीव भासू दिली न्हाई असं मी कुणालाबी सांगायचो, आन ते खोटं नव्हतं, तेच तर दुखतं.

एक दिवस दादा रानात आला आन म्हणाला, किसन, शहरात विमानांचं म्युझियम झालंय, त्यांना आपलं पातं पायजे, त्या विमानाचं दुसरं काहीच शिल्लक न्हाई. आबांचं नाव लागंल काचेवर. आबांचं नाव म्हणल्यावर मला भरूनच आलं. तरीबी मी म्हणालो, दादा, मंग हद्दीचं काय? तर त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला आन म्हणाला, अरं, आपल्या दोघांत हद्द कशाला लागतीया.

काय सांगू तुम्हाला, त्या बोलण्यावर मी पहार घेतली. माझ्या हातानं पातं उपसलं, विहिरीच्या पाण्यानं धुतलं, हार घातला, नारळ फोडला, टेम्पोत चढवलं. खड्डाबी मीच बुजवला, पायानं दाबून. दुसऱ्या हप्त्यात दादानं जेसीबी आणला, म्हणाला, माझं रान सारखं करतोय, तुझंबी करून देतो, आन त्यात बांध गेला. मी त्या डायवरला चहा पाजला हो.

मंग दादा म्हणाला, आता वाटणी कागदावर घेऊ. मोजणीवाले आले, त्यांनी विचारलं, हद्द कुठली? दादा चालत निघाला, पात्याची जागा मागं टाकली, विहीर मागं टाकली, आन पार टोकाच्या वड्याच्या काठाला जाऊन उभा ऱ्हायला. म्हणाला, ही. मला आधी वाटलं, थट्टा करतोय.

देवळात पंच बसले. मी सांगितलं, पातं बांधावर व्हतं, समद्यांनी बघितलंय. समदे खाली बघत बसले, त्यांच्याबी जमिनी दादाच्या हातनंच बिल्डरला जायच्या व्हत्या. आन दादा शांतपणानं म्हणाला, बांधावर न्हाई, आबांनी पातं घराच्या दारात लावलं व्हतं, तुळशीपाशी. खोटं वाटत असंल तर म्युझियमात जाऊन वाचा.

मी पोरीला घेऊन गेलो. माझी सुरेखा कर्वेनगरला कॉलेजात व्हती तवा. तिनं वाचून दाखवलं. या कुटुंबानं हे पातं पिढ्यान्‌पिढ्या आपल्या दारात तुळशीशेजारी जपलं, आन खाली देणगीदार म्हणून दादाचं नाव. आबांचं नाव कुठंच नव्हतं. सुरेखाला म्हणालो, परत वाच. तिनं परत वाचलं, तेच.

तिथल्या सायबांना भेटलो, भला माणूस, खुर्ची दिली. म्हणाले, अहो काका, देणारा सांगतो तेच आम्ही लिहितो, आम्ही काय तुमच्या दारात उभे नव्हतो. मी म्हणालो, बुडाला बघा, मातीत गाडल्याली खूण हाय. ते म्हणाले, हाय ना, पण दारातही मातीच असते की. पुण्याचा माणूस, त्याच्याशी काय बोलणार. निघताना मी पात्याला हात लावाय गेलो तर तिथली कामावरची पोरगी आली धावत, काका, हात लावू नका.

कोर्टात गेलो असतो तर पोरीचं शिक्षण त्यात गेलं असतं. केली सही, दादानं दावल्याल्या हद्दीवर. विहीर बुजली, तिच्यावर आता काचेची बिल्डिंग हाय. मला वड्याकडची पट्टी, पावसात निम्मी पाण्यात. दादाचा बंगला झाला. दिवाळीला मिठाईचा डबा यायचा, मंगल तो न उघडता बिल्डिंगीच्या गुरख्याला देऊन टाकायची.

आता गेल्या महिन्यात काय झालं, दादाचा निरोप आला. त्याची दोन्ही पोरं बंगल्यावरनं भांडत्यात, एकानं दुसऱ्याच्या खोलीला कुलूप घातलंय. दादा अंथरुणाला खिळलाय. निरोप असा, की किसन, तू ये, आबांनी आपली वाटणी कशी केली ती पोरांना सांग, तुझं ऐकतील ती.

निरोप घेऊन आल्याल्या माणसाला मी पाणी दिलं, बसवलं, आन म्हणालो, दादाला सांगा, म्युझियमात जाऊन वाचा म्हणावं.

तो गेल्यावर मंगलनं विचारलं, बरं वाटलं का? न्हाई वाटलं. वाटंल असं इतकी वर्सं मला वाटत व्हतं. पोरांचं चांगलं व्हवो त्याच्या, पोरांनी माझं काय वाईट केलं न्हाई. दादालाबी देव आराम देवो. पण त्याच्या दारात जाऊन खरं काय ते सांगायचं, तर ते दार मला आता तुळशीसकट खोटं वाटतं. मी जाणार न्हाई.