उंचावर जायचा दाखला

हिमालयातल्या गावाला जाण्याआधी दाखला हवा म्हणून साठीतलं एक जोडपं हृदयाच्या डॉक्टरांकडे आलं होतं. नर्सबाई फॉर्म भरत होत्या. कान मात्र मोकळे होते.

"एवढं आहे तरी काय तिथे?"

"शांतता."

"मग घरी मी काय ढोल बडवतो? दिवसभर तोंडसुद्धा उघडत नाही."

"चाळीस वर्षं तेच बघतेय. तुम्ही गप्प आणि समोर भिंत. तिथे निदान डोंगर असेल."

"थंडीत माझे गुडघे आखडतात, ते आधी सांग डॉक्टरांना."

"काका, तुमचं वय?" नर्सबाईंनी विचारलं.

"त्यांचा फॉर्म नको, बाई. तिकीट एकच काढलंय."

काकांनी शर्टाचा खिसा चाचपला. मग म्हणाले, "अगं, पण माझ्या गोळ्या कुठल्या डब्यात असतात?"